गावाच्या ग्रुपचा खर्च कोणी उचलायचा आणि यादी कोणी सांभाळायची

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाच्या सेक्रेटरी ताईंचा आहे. सात वाड्या, साधारण चारशे घरं, त्यातली निम्मी माणसं मुंबई-ठाण्याला. गावातले आणि चाकरमानी मिळून केलेला व्हॉट्सॲप ग्रुप १०२४ जणांवर भरला, दुसरा काढला, तोही भरत आला. मंडळातला एक तरुण म्हणतो, आपला स्वतःचा सर्व्हर (संदेश आणि याद्या साठवणारं, सतत चालू असणारं यंत्र) घेऊ म्हणजे सगळं आपल्या ताब्यात राहील. आणि सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळ पठारावर, प्लॉट पाडणारे एक व्यावसायिक सर्व्हर, ॲप, देखभाल असा पाच वर्षांचा सगळा खर्च द्यायला तयार आहेत. ताई विचारतात, "लोकांची माहिती सुरक्षित राहील, सगळं एका माणसाच्या हातात जाणार नाही आणि मंडळाला खर्चही पडणार नाही, अशी काही व्यवस्था आहे का? शिमग्याच्या सभेत ठरवायचं आहे."

ताई, पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरी सोडून द्या. खर्च पडेल आणि तो गावानेच भरायचा, कारण जो खर्च उचलतो त्याच्याकडेच शेवटी यादी आणि किल्ली जाते. त्या व्यावसायिकांचे पैसे घेऊ नका. स्वतःचा सर्व्हरही या वर्षी घेऊ नका. मी रत्नागिरीत राहतो, पंधरा वर्षं काही गावमंडळांची, आंबा बागायतदारांची आणि एका मच्छीमार गटाची ऑनलाइन व्यवस्था सांभाळतो आहे. त्यात हातून जे चुकलं तेही खाली लिहिलं आहे.

खासगीपणा म्हटलं की शहरातल्या माणसाला हॅकर आठवतो. मला सातबारा आठवतो. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली तरी त्यांचं नाव कमी केलेलं नसतं; वारस कोण लालबागला, कोण नालासोपाऱ्याला, कोण बडोद्याला. जमिनीच्या दलालाला हीच गाठ सोडवायची असते. वारस कोण, राहतो कुठे, फोन काय, भावाशी बोलणं आहे की नाही, सध्या पैशाची नड आहे का. ही माहिती तलाठ्याकडे मिळत नाही. गावच्या ग्रुपवर ती रोजच्या रोज, फुकट मिळते. कोणी वारलं की खाली 'काका गेले', 'आत्ये गेली' अशा ओळी येतात, म्हणजे नातं कळलं. मुलीचं लग्न ठरलं, आईचं ऑपरेशन आहे, म्हणजे नड कळली. आणि प्रत्येक ओळीला फोन नंबर चिकटलेला.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लांजा बाजूच्या एका गावाचा ग्रुप मी सांभाळत होतो. एका घरातले वयस्क गृहस्थ वारले, तीसेक जणांनी श्रद्धांजली लिहिली. पुढच्या पंधरा दिवसांत त्या घराच्या पाच सहहिस्सेदारांना 'जमीन विकता का' असे फोन गेले, आणि ज्या क्रमाने त्यांनी लिहिलं होतं त्याच क्रमाने गेले. त्यातल्या परळच्या आजोबांनी मला फोन केला. चिडलेले नव्हते, घाबरले होते. म्हणाले, "अरे, माझा हा नंबर माझ्या सख्ख्या भावाकडे नाही, ह्यांना कुठून मिळाला?" त्या रात्री मी सदस्यांची यादी वरपासून खालपर्यंत चाळली. एक नंबर सापडला, फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं टिंब. आठ महिने ग्रुपवर होता, एक अक्षर लिहिलं नव्हतं. याला घेतलं कोणी, विचारलं तर चार ॲडमिनांपैकी एकालाही आठवेना.

व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात. मधल्या वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण कुलूप वाटेवरच्या पेटीला आहे. ज्या हजार फोनांत ती पेटी पोचते तिथे ती उघडूनच पोचते, आणि त्यातला एक फोन टिंबवाल्याचा असला की संपलं. शिवाय गूगल ड्राइव्हवर जाणाऱ्या बॅकअपला कुलूप लावायची सोय २०२१ मध्ये आली खरी, पण ती ज्याची त्याला चालू करावी लागते, आणि गावातल्या शंभरातल्या पाचांनीही ती केलेली मला दिसलेली नाही. कोण कोणाच्या ग्रुपमध्ये आहे, कोण किती वाजता जागा असतो, ही वरवरची माहिती कंपनीकडे राहतेच. टेलिग्रामवर ग्रुप दोन लाखांपर्यंत वाढतो म्हणून बरीच मंडळं तिकडे गेली. तिथल्या ग्रुपचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात, हे जाताना कोणी विचारलंच नाही. सिग्नलवर फेब्रुवारी २०२४ पासून नंबर लपवून वापरनावाने राहता येतं. सात-आठ जणांच्या समितीसाठी मी तेच वापरायला लावतो. हजार वयस्क माणसांना तिकडे हलवणं मात्र मला एकदाही जमलेलं नाही.

म्हणून आधी आहे त्याच ठिकाणी घर आवरा. व्हॉट्सॲपमध्ये २०२२ पासून कम्युनिटी नावाची रचना आहे. तिच्यात एक घोषणांचा ग्रुप असतो आणि त्याखाली लहान ग्रुप. घोषणांच्या ग्रुपमधल्या सामान्य सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनांना आणि एकाच लहान ग्रुपमधल्या लोकांनाच दिसतात. तुमच्या सात वाड्यांचे सात ग्रुप करा. वाडीतल्या माणसाचा नंबर वाडीतल्या माणसाला दिसला तर बिघडत नाही, तो त्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असतो. प्रत्येक ग्रुपला नवीन माणसासाठी ॲडमिनची मंजुरी सक्तीची ठेवा, आणि मंजुरी देणाऱ्याने 'कोणाचा कोण' हे विचारल्याशिवाय कोणाला आत घेऊ नये. एप्रिल २०२५ पासून ग्रुपमधला सगळा संवाद बाहेर काढून नेणं बंद करायची सेटिंग आली आहे, ती लावा. स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला ती अडवत नाही, पण आठ महिन्यांचं बोलणं एका बोटाने उचलून नेण्याला अडवते.

गणपतीत आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं या आनंदात लोक तिकिटाचाच फोटो टाकतात, कोणाला जागा बदलून हवी असते. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, जायची तारीख. म्हणजे डोंबिवलीचं घर किती दिवस बंद राहणार याचं वेळापत्रकच. उलट पावसाळ्यात गावचे लोक 'अमक्याच्या घराची कौलं उडाली, घरी कोणी नाही' असं फोटोसकट लिहितात. चांगल्या मनाने लिहितात. ते त्या घरवाल्याला थेट फोन करून सांगायचं असतं, एवढं वाडीप्रमुखाने समजावलं की लोक ऐकतात.

आता माझी चूक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. दुसऱ्या दिवसापासून मदत गोळा करायची म्हणून मी एक ऑनलाइन तक्ता बनवला. नाव, वाडी, घरात किती माणसं, काय गेलं, फोन, बँक खातं. ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल आणि भरता येईल, असा उघडा ठेवला, कारण भरणारे दहा ठिकाणी होते आणि नेटवर्क येत-जात होतं. त्या घाईत ते बरोबरच होतं. त्या तक्त्यामुळे घरोघरी तांदूळ, चटया, औषधं पोचली. पण पाणी ओसरलं, मदत संपली, आणि तक्ता तसाच उघडा राहिला. नोव्हेंबरात त्या यादीतल्या एका विधवा बाईंना फोन आला, 'पूरग्रस्त मदतीचा दुसरा हप्ता आलाय.' फोन करणाऱ्याने वाडीचं नाव बरोबर सांगितलं, खात्याचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगितले. त्यांनी ओटीपी दिला. अठरा हजार गेले. माहिती माझ्याच तक्त्यातून गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तक्ता मी बनवला होता आणि चार महिने बंद करायला विसरलो होतो, एवढं मला पुरेसं आहे. त्या बाईंना जाऊन भेटलो, पैसे भरून दिले. भेटल्यावर त्या मलाच पाणी द्यायला उठल्या, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून माझ्याकडची कुठलीही यादी तीन ओळींनी सुरू होते. ही यादी कशासाठी, कोणाच्या जबाबदारीवर, आणि कोणत्या तारखेला पुसायची. तिसरी ओळ नसेल तर मी यादीला हात लावत नाही. आणि खाते क्रमांक, आधार क्रमांक, आजारपण या गोष्टी मंडळाने लिहूनच घ्यायच्या नाहीत. जे आपल्याकडे नाही ते आपल्याकडून चोरीला जाणार नाही.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण सभेत कोणीतरी विचारणारच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला तो लागू नाही. पण मंडळ म्हणजे व्यक्ती नाही, आणि देणगीची, सभासदांची यादी हे घरगुती काम नाही, असंच धरून चाला. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. गुणगौरव समारंभाच्या याद्या करताना हे लक्षात ठेवा. ॲडमिन म्हणून भीती वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. सर्व्हर तुमचा झाला की मात्र जबाबदारी बदलते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशांत नोंदी १८० दिवस ठेवणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं आहे. मंडळाचा सर्व्हर त्याच्या कक्षेत येतो का, हे आधी वकिलाला विचारून घ्या.

आता त्या तरुणाचं म्हणणं. त्याला नाउमेद करू नका. सगळं एका कंपनीच्या हातात नसावं ही त्याची ओढ बरोबर आहे. फक्त सर्व्हर घेतला की विकेंद्रीकरण झालं असं त्याला वाटतं, तिथे मी थोडा थांबेन.

आपली गावकी बघा. पालखी वाडीवाडीने फिरते, मान वाटलेले असतात, एका मानकऱ्याचं घर सुतकात असलं तरी शिमगा थांबत नाही. आमच्या गावात देवाची रुपं, म्हणजे मुखवटे, ठेवायच्या पेटीला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. दोघं समोरासमोर आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि त्या दोन घरांचं गेली दहा वर्षं फारसं पटत नाही, तरी शिमग्याला पेटी उघडते. मला हवं असलेलं विकेंद्रीकरण हे असं. एक माणूस रुसला, एक यंत्र बंद पडलं, एक कंपनी बदलली, तरी काम चालू राहिलं पाहिजे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे मुके. तुमचा सर्व्हर मुंबईत असो की फ्रँकफुर्टला, त्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. ज्या वाड्यांनी घरवार माणसांची आणि मुंबईतल्या नातेवाइकांच्या नंबरांची कागदी यादी पडवीत टांगलेल्या पिशवीत ठेवली होती, तिथला एक पोरगा मोटारसायकलवरून नेटवर्क सापडेल तिथवर गेला आणि एका तासात चाळीस घरांना 'सगळे खुशाल' कळवून आला. म्हणून माझ्या हिशोबी विकेंद्रीकरणाचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक वाडीत एक कागदी प्रत, दोन जबाबदार माणसं, आणि दर मिरगाच्या आधी ती प्रत नवी करून जुनी जाळणं. जाळायलाच हवी, रद्दीत घालायची नाही.

यंत्रांचं विकेंद्रीकरण कसं चालतं ते ईमेलवरून समजतं. जीमेलवाला याहूवाल्याला पत्र पाठवू शकतो, कारण दोघांचे सर्व्हर वेगळे असले तरी भाषा एक. संदेशांसाठी अशीच भाषा जॅबर या नावाने १९९९ मध्ये निघाली, आज तिला एक्सएमपीपी म्हणतात. २०१४ पासून मॅट्रिक्स आहे. समाजमाध्यमासाठी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन आलं, आणि ज्या ॲक्टिव्हिटीपब भाषेत आता ते बोलतं ती २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. २०१९ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं तेव्हा आपल्याकडून पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले. मीही गेलो. मला माणसं आवडली, वातावरण आवडलं. पण ओळखीचे बहुतेक जण काही महिन्यांत परत फिरले, कारण ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं जुन्याच जागी होती.

या व्यवस्थांत जे लोकांना सांगितलं जात नाही ते असं. मॅस्टोडॉनवर एकाने एकाला पाठवलेला संदेशही कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याला तो वाचता येतो. तुमच्या गावात सर्व्हर चालवणारा म्हणजे कोणाचा तरी पुतण्या. व्हॉट्सॲपच्या कंपनीला तुमच्या भावकीच्या भांडणात रस नाही. पुतण्याला असू शकतो, किंवा नसला तरी लोकांना तसा संशय येतो, आणि गावात संशय पुरतो. दुसरं, सर्व्हर एकमेकांना जोडले की लिहिलेल्याच्या प्रती दुसऱ्यांच्या यंत्रांवर जातात. तुम्ही इथे पुसलंत म्हणून तिथे पुसलं जाईलच असं नाही. तिसरं आपल्या देशापुरतं. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादी वापराचं कारण देऊन चौदा संदेश-ॲप अडवली. त्यात मॅट्रिक्सचं सगळ्यांत प्रचलित ॲप एलिमेंट होतं, ब्रायर होतं. मॅट्रिक्सवर उभी केलेली आमची एक छोटी बागायतदार व्यवस्था त्यामुळे अडखळली. सर्व्हर आमचाच, चालू होता, आत जायच्या दाराचाच प्रश्न झाला.

आणि खरं काम यंत्राचं नसतंच. माझ्या वहीत एका वर्षी मी नोंद ठेवली होती, कोणत्या कामाला किती वेळ गेला. सगळ्यांत वरचं काम 'पासवर्ड विसरलो'. त्याखाली 'नवीन फोन घेतला, जुनं काही दिसत नाही'. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरायच्या घाईत बागायतदार रात्री अकराला फोन करतो, तेव्हा सकाळी बघू म्हणून चालत नाही, गाडी पहाटे वाशीला निघायची असते. हे करायला माणूस लागतो.

तरीही मुलाला करून पाहायचं असेल तर असं करू द्या. एक लहान भाड्याचा सर्व्हर, त्यावर एक्सएमपीपी, कारण ते हलकं आहे आणि थोड्या मेमरीत चालतं. बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी बंद. आत फक्त समितीचे पंधरा-वीस जण. जूनपासून दसऱ्यापर्यंत, म्हणजे वीज जाईल, माणसं शेतात असतील, गणपती येतील, अशा काळात चालवून दाखवायचं. मुख्य पासवर्ड दोन माणसांकडे, एक गावात एक मुंबईत, पेटीच्या किल्ल्यांसारखा. बॅकअप घेतला एवढ्यावर भागत नाही. सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्या यंत्रावर परत उघडून दाखवायला सांगा. माझ्याकडे तीन वर्षांचा बॅकअप होता, उघडायला गेलो तेव्हा निम्म्या फाइल रिकाम्या निघाल्या. आणि संकेतस्थळाचं नाव, म्हणजे डोमेन, मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ईमेलवर घ्या. एका मंडळाचं डोमेन ज्या मुलाने हौसेने घेतलं होतं तो नोकरीला परदेशी गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या कॉलेजच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली, नाव सुटलं आणि दुसऱ्याने उचललं. दोष मुलाचा नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आता पैसे. सगळ्यांत जास्त भांडण यावरच होतं आणि सगळ्यांत कमी बोललंही यावरच जातं.

फुकट काही नसतं हे मोठ्यांकडे बघा. व्हॉट्सॲप एकेकाळी वर्षाला सुमारे एक डॉलर मागायचं. २०१४ मध्ये फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतलं, जानेवारी २०१६ मध्ये तो डॉलर माफ झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये माहितीच्या वापराच्या नव्या अटी आल्या तेव्हा आपण सगळे सिग्नल शोधत पळालो. सिग्नल ना जाहिरात घेतं ना माहिती विकतं, देणग्यांवर चालतं. त्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला हिशोब उघड केला. २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर लागतील, आणि त्या वेळी नुसत्या नोंदणीच्या पडताळणी संदेशांवर वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. माणसाला आत घेताना पाठवायचा तो एक एसएमएस. ते आकडे वाचून मला बरं वाटलं, कारण खर्च लपवणाऱ्यापेक्षा खर्च दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो.

आपल्याकडे याची रीत जुनी आहे. मालवण किनाऱ्यावर रापण ओढताना कधी पहाटे उभ्या राहा. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं, म्हातारे आहेत, बायका आहेत, शाळेत जायच्या आधी आलेला मुलगा आहे. ओलं जाळं वाळूत आलं की बांगडा, तारली, मोरी वेगळी होते आणि वाटे पडतात. दोर ओढणाऱ्याला वाटा असतो, तसा होडीला असतो, जाळ्याला असतो. जाळं फाटणारच आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून त्याचा वाटा मासळी चांगली असो की वाईट, निघतो. आणि कोणी परका येऊन म्हणाला की जाळं माझ्याकडून फुकट घ्या, तर त्या किनाऱ्यावरची माणसं लगेच समजतात की उद्या मासळी कोणाची होणार.

तुमचा हिशोब ढोबळ करून देतो. आजच्या भावात लहान सर्व्हर महिना हजार धरा, वर्षाचे १२,०००. डोमेन १,०००. दुसऱ्या ठिकाणी बॅकअप महिना ३००, म्हणजे ३,६००. हे झाले १६,६००. त्यावर सांभाळणाऱ्या मुलाला महिना २,००० मानधन, वर्षाचे २४,०००. एकूण ४०,६००. चारशे घरांत वाटलं तर घरटी शंभर रुपयांच्या थोडं वर. काही घरं देणार नाहीत, म्हणून १२५ ठेवा. सर्व्हर घेतलाच नाही, नुसती वाडीवार व्यवस्था नीट ठेवली, तरी मानधन ठेवाच. सभेत लोक म्हणतील, गावचं काम आहे, पैसे कसले मागतो. ढोल-ताशाला, मंडपाला, जेवणाच्या आचाऱ्याला आपण पैसे देतो. रात्री अकराला फोन उचलणाऱ्या मुलाला दिले नाहीत तर तो दोन वर्षं करेल, मग थकेल, लग्न होईल, पुण्याला जाईल, आणि सगळे पासवर्ड त्याच्याबरोबर जातील. मी अशा बंद पडलेल्या व्यवस्था जितक्या पाहिल्या त्यातल्या बहुतेक पैसे संपून नाही, माणूस थकून बंद पडल्या.

वर्गणी कोणा एकाच्या फोनवरच्या क्यूआरवर गोळा करू नका. मंडळाचं खातं, दोन सह्या. देवळातल्या फलकावर देणगीदाराचं नाव आणि रक्कम लिहितो तशी रीत इथे नको. वाडीवार बेरीज जाहीर करा, नावं नकोत. ज्याचं या वर्षी जमलं नाही त्याला मान खाली घालायला लागू नये, आणि कोणाकडे किती पैसे आहेत हीही एक माहितीच आहे. ज्याने जास्त दिले त्याचा शब्द ग्रुपवर जास्त चालणार नाही, हे ठरावात लिहा. एका घराकडून एकूण खर्चाच्या वीसाव्या भागापेक्षा जास्त घ्यायचं नाही, अशी मर्यादा मी सगळीकडे घालायला लावतो.

तुमच्या गावची माणसं आखातात असणार, म्हणून एक सावधगिरी. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे विदेशी ठरतात, आणि विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते मंडळाला घेता येत नाहीत. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल तर लेखापरीक्षकाला हे दाखवूनच घ्या.

राहिले ते व्यावसायिक. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखतही नाही. पण सड्यावर प्लॉट पाडणाऱ्याला तुमच्या गावातली सगळ्यांत उपयोगी वस्तू कोणती, तर कोणत्या सातबाऱ्यावरचा कोण कुठे आहे याची ताजी यादी. ॲप त्यांच्या पैशाने बनलं तर ती यादी त्यांच्या माणसाने बनवलेल्या यंत्रावर बसेल, आणि पाच वर्षांनी करार संपल्यावर ती परत मागायची सोय तुमच्याकडे नसेल. लेखी हमी देतील, मनापासून देतील. उद्या धंदा दुसऱ्याने विकत घेतला की ती हमी कोणी पाळायची? व्हॉट्सॲपचं जे झालं तेच सड्यावर होईल.

त्यांना नकार तोंडी देऊ नका, मंडळाच्या लेटरहेडवर द्या, म्हणजे पुढच्या समितीलाही तो दिसेल. मजकूर साधा ठेवा. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल मंडळ आभारी आहे. ग्रुपचा खर्च गावातल्या घरांनीच वाटून घ्यायचा, असं शिमग्याच्या सभेत ठरलं आहे. आपलं घर या गावात असल्यास आपल्या वाट्याची वर्गणी १२५ रुपये, पावती आपल्या वाडीप्रमुखांकडून घ्यावी. खाली दोन सह्या, एक गावातली, एक मुंबईतली.